दिवाळी पहाटेच्या राइडचा मार्ग बदला: ब्रसेल्सच्या मराठी सायकलस्वारांना खुले पत्र

प्रति,
ब्रसेल्स आणि आसपासच्या मराठी सायकलस्वार मंडळींना

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी दिवाळी पहाटेच्या राइडचा मार्ग आपल्या गटावर आला. पहाटे साडेसहाला ब्वाफोर स्टेशन, तिथून ब्रसेल्सच्या वेशीवरच्या सोनियनच्या जंगलात, ग्रूनेनडालच्या पुढे ती अरुंद पायवाट, मग शहराभोवतीच्या रिंग रोडवर प्राण्यांसाठी बांधलेल्या पुलावरून पलीकडे, तेर्व्यूरनला वळसा आणि शेवटी रूज-क्ल्वात्रच्या तळ्याकाठी फराळ. ६० नावं आली आहेत. पायवाटेच्या टप्प्यावर प्रत्येकाची वेळ मोजायची आणि पहिल्या तिघांना बक्षीस द्यायचं, असंही ठरलंय. मी दोनदा हरकत घेतली. ‘मार्ग फायनल आहे’ एवढंच उत्तर आलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

म्हणून हे उघड लिहिते आहे. गटाबाहेरच्यांनीही वाचावं. नोकरीसाठी आपली माणसं युरोपात जिथे जिथे गेली, तिथे तिथे ग्रॅव्हल बाइकची, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या जाड टायरांच्या सायकलची, हौस आता पोचली आहे, आणि यातल्या पुष्कळ शहरांच्या वेशीवर असं एखादं जंगल आहे.

हा मार्ग पहिल्यांदा मीच आखला होता. सहा वर्षांपूर्वी आपण अकरा जण होतो. रुंद रस्त्याने गेलो, उजाडल्यावर गेलो, तळ्याकाठी डबे उघडले आणि तिथे फिरायला आलेल्या एका आजोबांना चकली दिली. त्यांनी ती कानाशी नेऊन मोडली, आवाज ऐकला आणि मग खाल्ली. त्या राइडचं आज जे झालंय ते मला मुकाट्याने बघवत नाही.

मी मूळची साताऱ्याची. वडील बँकेत होते. सुट्टीच्या दिवशी मला सायकलच्या दांड्यावर बसवून यवतेश्वरच्या घाटाने कासला न्यायचे. चढावर उतरायचं, त्यांनी सायकल ढकलायची, मी मागून हात लावायचा. पठारावर पोचलं की त्यांचं एकच सांगणं असे: ‘पाय कुठे पडतोय ते बघ.’ कातळावरची माती बोटभर जाडीची, आणि त्या मातीतच सगळी फुलं. पुढे २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं, गाड्यांच्या रांगा लागल्या, फुलांत लोळून फोटो काढणं सुरू झालं. शेवटी रोज किती माणसांना सोडायचं त्याचा आकडा ठरवावा लागला. मी ते पठार त्याआधीही पाहिलंय आणि त्यानंतरही.

ब्रसेल्सला येऊन मला तेरा वर्षं झाली. सोनियनच्या जंगलात बीचची झाडं आहेत असं आईला फोनवर सांगितलं, तर ती कितीतरी दिवस समुद्राची चौकशी करायची. तिच्यासारख्या वाचकांसाठी सांगते: बीच हा पानगळीचा मोठा वृक्ष. साल राखाडी आणि गुळगुळीत, बुंधा जमिनीला भिडतो तिथे हत्तीच्या पावलासारखा पसरट. सोनियनमधले जुने बीच ४० मीटरांहून उंच आहेत. त्यांची सावली इतकी दाट, की खाली झुडपं फारशी वाढतच नाहीत. खांब, खांब, आणि वर छत. त्यातून सरळ रेषेत जाणारे जंगलातले रुंद रस्ते. इथले फ्रेंच बोलणारे त्यांना द्रेव्ह म्हणतात, डच बोलणारे ड्रेफ.

ब्वाफोर स्टेशनवरून आत वळलं की पाच मिनिटांत शेवटची मोटार मागे राहते. चाळीस मिलिमीटरचे टायर, त्यात हवा जरा कमी. चाकाखाली डोलोमाइटची बारीक खडी करकरते, पुढे पाला लागला की तोही आवाज विरतो. सिग्नल नाही, हॉर्न नाही, मागून येऊन कोणी खेटत नाही. पुण्यात दहा वर्षं दुचाकीवरून ऑफिसला गेलेल्या माझ्यासारखीने हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा खांदे आपोआप खाली आले होते. पूर्ण शांतता आहे असं मात्र मी म्हणणार नाही. रिंग रोड आणि ई-४११ महामार्ग या जंगलाला चिरून जातात, आणि हवा पडलेली असली की दूरवरून त्यांची घरघर ऐकू येते. म्हणून तर मधल्या भागाची किंमत जास्त.

२०२० च्या एप्रिलमध्ये वडील गेले. विमानं बंद होती. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. इथे तेव्हा व्यायामासाठी सायकल चालवायला मुभा होती. पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी या जंगलात जात होते. बीचची पालवी एप्रिलच्या अखेरीस फुटते. कोवळं पान अगदी पातळ, कडेला रेशमासारखी लव, आणि त्यातून उजेड आरपार येतो. ज्या द्रेव्हवर मी तेव्हा थांबत असे, तिथे अजूनही थांबते. मला इथे दुसरं कुठलंही ठिकाण असं आपलं वाटलेलं नाही.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. आपल्यापैकी बारा जण त्या पायवाटेने गेलो होतो, मीही होते. आठवडाभर पाऊस झाला होता. उतारावर समोरून एक आजी काठी टेकत येत होत्या. पहिले दोघे त्यांच्या बाजूने निसटले. तिसऱ्याने ब्रेक दाबला, मागचं चाक सरकलं आणि आजी काटेरी झुडपात बसल्या. लागलं फारसं नाही, हाताला ओरखडे आले. मी त्यांना उठवलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘या वाटेवर मी चाळीस वर्षं येते, इथे कान उघडे ठेवून कधी चालावं लागलं नव्हतं.’ संध्याकाळी गटावर कोणीतरी लिहिलं, ‘घंटी वाजवली होती, त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं.’ आणि कोणीही त्याला टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पायी परत गेले. त्या उतारावर आपल्या चाकांनी एक चर पाडला होता. बोटं उभी घालून बघितलं, चार बोटं आत गेली. चराच्या तळाशी बीचचं मूळ उघडं पडलं होतं, मनगटाएवढं, आणि हातभर लांबीत त्याची साल सोलली गेली होती. आतलं लाकूड दुधाच्या सायीच्या रंगाचं, ओलं. मी त्यावर पाला सारला आणि घरी आले. मेमध्ये गेले तेव्हा चर तसाच होता, त्यात पाणी साठलं होतं आणि मूळ काळं पडलं होतं.

तो चर बुजत का नाही, हे समजून घ्या. इथली जमीन हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळ्या मातीची आहे. भोवतालच्या सगळ्या जमिनीवर शेकडो वर्षं नांगर फिरला, पण जंगल राहिल्यामुळे ही माती तशीच राहिली. हिमयुग संपलं तेव्हा जे चढउतार होते, तेच आज आपल्या चाकाखाली आहेत. माती आम्ल, गांडुळं कमी, त्यामुळे एकदा दाबली गेली की पुन्हा भुसभुशीत व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. शिवाय थोड्याच खोलीवर एक टणक थर आहे. मुळं त्यातून सहज खाली जात नाहीत, आडवी पसरतात. आधीच बीचची मुळं उथळ, त्यात हा थर. १९९० च्या वादळांत इथले बीच मोठ्या संख्येने मुळासकट उपटून पडले, त्यामागे हेही एक कारण होतं. आता दर काही वर्षांनी कोरडे उन्हाळे येताहेत, आणि पाण्याच्या टंचाईला हळवं असलेलं हे झाड त्यात थकत चाललं आहे. ज्या वरच्या वीतभर मातीवर ते जगतं, तिथेच आपण चर पाडतो.

यावर गटात मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं, ‘आपण काय मोटारी नेतोय का?’ धूर नाही, आवाज नाही, हे खरंच आहे, आणि म्हणून तर मी सायकलची बाजू घेते. पण ओल्या उतारावर एकामागोमाग ६० मागची चाकं घसरली की मुळाला धुराचा प्रश्न पडत नाही. दुसरं उत्तर, ‘लाकूडतोडीची यंत्रं याहून मोठे चर पाडतात.’ हाही मुद्दा खोटा नाही. म्हणूनच तिथले वनकर्मचारी यंत्रांना ठरलेल्या पट्ट्यांबाहेर जाऊ देत नाहीत, आणि काही ठिकाणी ओंडके ओढायला आजही घोडे लावतात. जे लोक या जंगलाचं लाकूड काढतात ते मातीला एवढं जपतात. आपण तर नुसते मजेसाठी जातो.

हे जंगल वाचलं ते आपोआप वाचलेलं नाही. आज ते सुमारे ४,४०० हेक्टर आहे, एके काळी याच्या दुपटीहून मोठं होतं. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा निम्म्याहून जास्त भाग विकला गेला, तोडला गेला, तिथे शेतं आणि बंगले आले. उरलं ते १८४३ मध्ये बेल्जियन सरकारकडे आलं. आपण ज्या उंच बीचखालून जातो त्यातले सर्वांत जुने ऑस्ट्रियन राजवटीत, १८ व्या शतकाच्या अखेरीस, योआखिम झिनर नावाच्या उद्यानरचनाकाराने लावून घेतलेले. पुढे १९०९ मध्ये रने स्टीव्हन्स या चित्रकाराने जंगलाच्या मित्रांची संघटना काढली, ती अजून काम करते. आणि ग्रूनेनडालचं नाव आपण फक्त चढासाठी घेतो, पण १३४३ मध्ये यान व्हान रूसब्रूक नावाचा संत शहर सोडून तिथे येऊन राहिला. लॅटिन बाजूला ठेवून तो लोकांच्या बोलीत लिहायचा. त्या वेळी आपल्याकडे नामदेव हयात होते. रूसब्रूक झाडाखाली ध्यानाला बसे असं सांगतात. मला तिथून जाताना दर वेळी हे आठवतं.

२०१७ साली या जंगलातले पाच राखीव तुकडे, मिळून सुमारे २७० हेक्टर, युरोपातल्या प्राचीन बीचवनांच्या जागतिक वारसा यादीत गेले. १८ देशांतली जंगलं मिळून ते एकच वारसास्थळ आहे. या तुकड्यांत पडलेलं झाड उचलत नाहीत. ते तिथेच कुजतं, त्यावर घोड्याच्या खुरासारखी बुरशी येते, काळा सुतार पक्षी त्यात किडे शोधतो. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नसते, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आणि आपली ती पायवाट अशाच एका राखीव भागाच्या कडेने जाते.

माझ्या तक्रारी आता थेट सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी: ती पायवाट चालणाऱ्यांची आहे. या जंगलात सायकलला कुठे परवानगी आहे, ते पाट्यांवर आणि खांबांवर दाखवलेलं आहे. ब्रसेल्स, फ्लँडर्स आणि वालोनिया अशा तीन प्रदेशांत जंगल विभागलंय, त्यामुळे पाट्या आणि नियम थोडे थोडे बदलतात. गोंधळ होतो, हे मान्य. पण त्या पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या पाटीबद्दल गोंधळाला जागा नाही. आपण सगळ्यांनी ती वाचली आहे.

दुसरी, पुलाबद्दल. ग्रूनेनडालजवळचा तो ६० मीटर रुंद हिरवा पूल २०१८ मध्ये बांधून झाला तो हरणं, रानडुकरं, बेडूक, कोल्हे यांना रिंग रोड ओलांडता यावा म्हणून. माणसांसाठी तो नाही. ज्या रस्त्याने जंगलाचे दोन तुकडे केले, त्यावरून प्राण्यांना जायला तेवढी एक वाट दिली, आणि तीही आपण शॉर्टकट म्हणून वापरायची? मार्गात हा पूल घालणाऱ्याने तो नकाशावर पाहून घातला असेल. आता कळलंय, तर काढायला हवा.

तिसरी, वेळ. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे आठ वाजून गेल्याशिवाय सूर्य उगवत नाही. साडेसहा म्हणजे मिट्ट काळोख. भेकराएवढी ती रो हरणं त्याच वेळी चरायला उघड्यावर येतात, वटवाघळं परतत असतात. त्यात हजार-हजार ल्युमेनचे ६० दिवे. अभ्यंगस्नान करून उजाडता निघालं तरी ती दिवाळी पहाटच असते.

चौथी, शर्यत. वेळ मोजली की माणूस पायवाटेवर ब्रेक लावत नाही. फेब्रुवारीत वेळ मोजत नव्हतो, तरी काय झालं ते वर लिहिलंय.

पाचवी, परवानगी. एवढ्या लोकांचा ठरवून केलेला कार्यक्रम जंगलात करायचा तर आधी मंजुरी घ्यावी लागते. आपण साधा ईमेलही पाठवलेला नाही.

आणि एक तक्रार जिला मी क्रमांक देऊ शकत नाही. गटावर कोणी हरकत घेतली की ‘घाबरट’, ‘नियमवाली’ असे शब्द येतात. नवीन आलेली मुलंमुली ते वाचतात आणि गप्प बसतात. मला तीन जणांनी वेगळा मेसेज करून सांगितलं की त्यांनाही हा मार्ग पटलेला नाही. त्यांनी गटावर लिहिलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मागण्या साध्या आहेत.

पायवाटेचा टप्पा आणि प्राण्यांचा पूल मार्गातून काढा. नुसतं ‘यंदा नको’ म्हणू नका, गटाच्या जतन केलेल्या मार्गांतूनही पुसा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी जसाच्या तसा उचलणार नाही. सायकलला परवानगी असलेल्या द्रेव्ह आणि डोलोमाइटचे रस्ते जोडून तीसेक किलोमीटरची फेरी आरामात होते. मी ती आखून गटावर टाकली आहे.

वेळ मोजणं आणि बक्षीस रद्द करा.

निघायची वेळ सूर्योदयानंतरची ठेवा, आणि ६० जणांचे दहा-दहाचे गट करून वेगवेगळ्या वेळी सोडा. चालणारं माणूस दिसलं की वेग कमी, घोडा दिसला तर थांबायचं.

आधीचे दोन-तीन दिवस मोठा पाऊस झाला असेल तर मऊ मातीचा एकही टप्पा घ्यायचा नाही, फक्त पक्क्या रस्त्याने जायचं. वादळाचा इशारा असेल तर राइड रद्द. अशा दिवशी जंगलात प्रवेश बंद करतात ते उगाच नाही, जुन्या बीचची फांदी पडायच्या आधी आवाज देत नाही.

परवानगीचा अर्ज या आठवड्यात पाठवा. फ्रेंच आणि डच मजकूर मी लिहून देते. नकार आला तर तळ्याकाठचा फराळ पायी जाऊन करू.

आणि फेब्रुवारीत ज्या आजी पडल्या त्यांची गटाच्या वतीने माफी मागा. त्या मला मार्चमध्ये त्याच वाटेवर पुन्हा भेटल्या. मी एकटी बोलले, पण ते पुरेसं नाही. त्या आजही रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तिथे असतात.

मी गट सोडत नाहीये. हा मार्ग बदलला नाही तर मात्र मी त्या दिवशी वेगळी जाईन, आणि गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या पायवाटेवरची पाटी दाखवीन. बदलला, तर सव्वाआठला ब्वाफोर स्टेशनच्या दारात मी उभी असेन. पहिला दहाचा गट मी नेते. आईने साताऱ्याहून भाजणी पाठवली आहे, चकल्या माझ्याकडून.

आपली,
पहिल्या अकरांपैकी एक
ब्रसेल्स